सात नंबरच्या खोलीची किल्ली

मेर्ये,
किल्ली पाकिटात आहे. दार आधी स्वतःकडे ओढ, मग फिरव.
पियानोची एक काळी पट्टी दाबली की दबूनच राहते.
पोरांना ते ठाऊक आहे, तिथं ती आपोआप जराशी थांबतात
आणि पाहुण्यांना वाटतं, वा, काय भाव!

हियूमावर डिसेंबरात साडेतीनलाच अंधारतं.
पोरं ओल्या लोकरीच्या वासासकट आत येतात.
लगेच गायला लावू नकोस.
हात चोळू देत, जांभया देऊ देत.
जांभईइतका मोकळा गळा
माझ्या कुठल्याच सरावानं झाला नाही.

नवं गाणं शेवटाकडून शिकव.
शेवटची ओळ आधी, मग तिच्या मागची,
म्हणजे गाताना पोरं दर पावलाला
ओळखीच्या वाटेला लागतात, घराकडे.
सुरुवातीपासून शिकवलंस तर
सुरुवात लख्ख आणि शेवट धुक्यात.
माझी पहिली सहा वर्षं तशीच गेली.

त्यांच्याबरोबर गाऊ नकोस.
तुझा आवाज चांगला आहे, मी ऐकलाय, म्हणूनच सांगते.
तू गायलीस की ती तुझी री ओढतात
आणि तुला ऐकू येतेस फक्त तू.
गप्प राहा. कान दे.
हातही लहान ठेव:
बोटभर हललीस तर ती तुझ्याकडे बघतात,
लाकडं फोडल्यासारखे चालवलेस तर छताकडे.

ऊकू आठवीत, दुसऱ्या रांगेत, खिडकीकडे.
बर्फ वितळेपर्यंत त्याचा आवाज फुटेल.
आधी तो हसण्यावारी नेईल, मग यायचाच बंद होईल.
त्याला चार सूर दे. चारच,
त्या आठवड्यात त्याच्याकडे शिल्लक असतील ते.
दर सोमवारी विचारून घे, कारण ते बदलतात.
सांग, फुटणं दोन तऱ्हांचं असतं:
काच फुटते
आणि बर्चला पालवी फुटते.
(हे मी तिघांना सांगितलंय. दोघं फिदीफिदी हसले.
तिसरा आता फेरीबोटीवर असतो,
भोंग्याच्याही खालच्या पट्टीत गातो.)

आता जे लिहिते ते कुणाला सांगू नकोस.
किंवा सांग.
विर्वे नावाची मुलगी होती, तेहतीस वर्षांपूर्वी.
जुलैच्या महोत्सवाला तीन आठवडे उरलेले,
एक सूर सारखा खाली ओघळत होता.
मी कान लावत लावत रांगेतून गेले
आणि तिच्यापाशी थांबले.
म्हणाले, हळूच, प्रेमानंसुद्धा:
तू नुसते ओठ हलव.

तिनं हलवले.
एवढ्या मोठ्या मैदानावर, वेणीला निळी फीत,
ओठ अगदी बरोबर वेळेला.
आम्ही त्या दिवशी फार सुंदर गायलो.

विर्वे आता शाळेच्या स्वयंपाकघरात आहे.
रेडिओ लागला की बाकीच्या गुणगुणतात,
ती ताटं पुसते.
एकदा माफी मागायला गेले होते.
"कशाची, बाई?" म्हणाली, आणि बीटाचं सूप वाढलं.
मला अजून कळलेलं नाही,
ती खरंच विसरली होती
की पुन्हा नुसते ओठ हलवत होती.

तिची केर्तू यंदा दुसरीत आहे. तीही सूर खाली धरते.
तिला कडेला उभी करू नकोस.
मध्ये घे, दोन पक्क्या गळ्यांच्या पोरींमध्ये.
आणि इथं मात्र गा, वरचा नियम इथं नाही:
ती जो सूर लावेल तो आधी तू धर.
तिच्या पायरीवर उतर,
मग दोघी मिळून वर या.
तीन आठवडे लागतील, नाहीतर तीन वर्षं.
कार्यक्रम थोडा बिघडेल. बिघडू दे.

सात नंबरची खोली
स्वयंपाकघराच्या बरोबर वर आहे.
कितीही गारठा असो,
तालमीला खिडकी चार बोटं उघडी ठेव.
कुणी विचारलंच तर सांग,
हवेसाठी.